टीव्हीवरचा बाप

आंबागडच्या मंडईत जिलेबीची दुकानं किती आली आणि आकाशपाळणा कुठे उभा राहिला याची चौकशी पोरंसोरं करतात. मोठ्या माणसांना दरवर्षी एकच उत्सुकता असते, यंदा हेमराज कोणाला धरणार.

दिवाळी सरली की इकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि दुपारी शाळेच्या पटांगणात खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, उभी राहते. हेमराज त्या गंमतीचा शाहीर. एरवी तो तुमसरला मोबाईल दुरुस्त करतो आणि लोकांच्या फुटक्या काचा बदलता बदलता साऱ्या नटनट्यांची कुलंगडी गोळा करतो. मंडईत एकदा डफ हातात आला की त्याची ‘सालाची खबर’ सुरू होते. वर्षभरात सिनेमाच्या दुनियेत कोणाचं जुळलं, कोणाचं फाटलं, कोण तोंडावर आपटलं, हे सगळं तो सांगतो आणि प्रत्येकावर आपला निकालही देतो. आजवर त्याने कोणाला सोडलेलं नाही. मुंबईची ती मंडळी कुठे ऐकायला येणार आहेत? म्हणून गावही पोट धरधरून हसत आलं होतं.

यंदा मात्र रुखमिणीला घोर लागला होता, कारण यंदाच्या खबरेत तिची स्वतःची पोरगी होती.

गुंजनचा आवाज लहानपणापासूनच खणखणीत. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती निवडली गेली तेव्हा गावाने फटाके फोडले आणि तिच्या बापाने, घनश्यामने, भिंतभर टीव्ही आणला. घनश्याम धानाचा व्यापारी. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर, आणि अंगावर सुखाचं पोट. पोरीचं गाणं लागलं की तो सारी गल्ली घरात बसवून चहा पाजायचा आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगून स्वतःच बोलत राहायचा.

मग गणपतीच्या सुमारास टीव्हीवाले गावात आले. स्पर्धकाचं घर दाखवायचं होतं म्हणे. आता पाहुणा दारात आला की तो म्हणेल ते करायचं, हे रुखमिणीच्या अंगात मुरलेलं. ते म्हणाले, गॅस नको, चुलीवर भाकर करा. तिने गोठ्यात चूल मांडली. ते म्हणाले, हा फ्रिज दिसतो. तिने त्याच्यावर गोधडी टाकली. लाकडं ओली होती, फुंकून फुंकून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते म्हणाले, छान, असंच राहू द्या. तिने तसंच राहू दिलं. वर सगळ्यांना जेवायला घालून, जाताना पिशवीभर तांदूळ बांधून दिला. घनश्याम इस्त्रीचा शर्ट घालून, अंगठ्या चढवून ट्रॅक्टरपाशी उभा होता. त्याला त्यांनी गोड बोलून बाजूला केलं. शेजारचे भय्याजी, अंगाने काडी, आपले बैल पाण्याला नेत होते. त्यांना मात्र पाठीमागून बांधावरून चालताना चित्रित करून घेतलं. शेताचं एखादं दृश्य असेल असं सगळ्यांना वाटलं.

दसऱ्याला ते लागलं. गल्ली नेहमीसारखी घनश्यामच्या घरात जमलेली. पडद्यावर चूल आली, रुखमिणीची आसवं आली, आणि मग भय्याजींची पाठ आली. मागून दाटल्या आवाजात एक बाई सांगू लागली की हे गुंजनचे बाबा, दुसऱ्याच्या शेतात राबून यांनी लेकीला गाणं शिकवलं. गल्लीने भय्याजींची चाल लगेच ओळखली. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यानंतर पडद्यावर गुंजन दिसली, डोळे भरलेले, हात जोडलेले. घनश्यामने टीव्ही बंद केला आणि लोकांना चहा न देताच घरी पाठवलं.

पुढचं सगळं फोनवर झालं. आधी लोकांनी हळहळ केली. कोणा भल्या माणसाने तर जुन्या साड्यांचं गाठोडं पाठवलं. मग तालुक्यातल्याच एका दीडशहाण्याने घनश्यामच्या दुमजली घराचा, ट्रॅक्टरचा फोटो टाकला आणि वारं फिरलं. गरिबीचं सोंग करते, खोटारडी आहे, आईबाप लबाड आहेत. कोणी म्हणे सोबत गाणाऱ्या पोराशी तिचं जुळलं होतं, कोणी म्हणे मोडलं. त्याच आठवड्यात गुंजनचं गाणं बिघडलं, ती स्पर्धेतून बाहेर पडली आणि बॅग घेऊन घरी आली.

आल्या आल्या तिने बापाला सांगितलं होतं, “बाबा, मी तेथीच म्हनली होती, हे माझे बाबा नाईत म्हून. स्टेजवर, सगळ्याईसमोर. त्याईनं ते कापलं. हात जोडले ते दुसऱ्या दिवसाचं हाय, तेथी चिकटवलं.”

घनश्याम एवढंच म्हणाला, “मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं.”

झालं. त्यानंतर बापलेकीत एक शब्द नाही. ती माजघरात आली की हा ओसरीवर जायचा. तीही त्याचीच लेक, नाकावर तोच राग, दुसऱ्यांदा सांगायला गेली नाही. दिवाळीत दिवे लागले, चकल्या झाल्या, पण घरात सुतक असावं तशी माणसं वागत होती. गुंजनचा मुंबईचा कोणीतरी ओळखीचा होता, तो तिला एका गाण्याच्या पार्टीत काम देतो म्हणत होता. मंडई झाली की मी जाते, तिने आईला सांगितलं. आणि येशील कधी, असं आईने विचारलं तर ती नुसती बॅगेची चेन लावत राहिली. रुखमिणीला कळून चुकलं की आता हे दोघं बोलले नाहीत तर पोरगी जाईल ती पाहुणी म्हणूनसुद्धा परत यायची नाही. त्यात मंडईत हेमराजने सगळ्यांदेखत टिंगल केली तर घनश्याम जन्मात तोंड उघडणार नाही.

म्हणून ती बाजाराचं निमित्त करून तुमसरला गेली आणि हेमराजच्या दुकानाच्या पायरीवर बसली.

“भाऊजी, यंदा माह्या पोरीले सोडा. हात जोडते.”

हेमराजने डोळ्यावरचं भिंग काढलं. “वैनी, कसं सोडू? मोठमोठ्या हिरोले म्या धुतलं. आता घरची खबर गाळली तं लोक म्हनतीन, हेमराज घनश्यामभाऊले भ्याला. अना गाळलं तं असंही म्हनतीन, का पोरीचं नाव तोंडानं घेन्यासारखंच काही राह्यलं नाई.”

“मंग काय म्हनसान तुमी?”

“ते मले तरी कोठी मालूम हाय? तुमी सांगा ना, झालं काय ते.”

आणि रुखमिणीने सांगितलं. सांगायला कोणी भेटलंच नव्हतं बिचारीला. चूल, ओलं लाकूड, फ्रिजवरची गोधडी, नवऱ्याच्या अंगठ्या, पोरीचं कापलेलं बोलणं, सगळं धो धो सांगितलं, वर चहाही प्यायली. परतीच्या बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हेमराजने कसलाही शब्द दिलेला नाही, उलट आपणच त्याची झोळी भरून आलो. तिने कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या बाईने विचारलं, काय विसरलं का? ती म्हणाली, अक्कल.

मंडईचा दिवस उजाडला. पवनीहून नणंद आली, तिची पोरं आली, वडे तळून झाले, मटण शिजायला लागलं. घनश्याम पाहुण्यांशी दोन शब्द बोलून माडीवर जाऊन झोपला. डोकं दुखतं म्हणे. गुंजनही म्हणाली, मी नाही येत. पण नणंद पवनीची, तिच्यापुढे कोणाचं चाललंय? “काहून वं, तोंड लपवाले चोरी केली का?” म्हणत तिने भाचीला दंडाला धरून चपला घालायला लावल्या. रुखमिणी मागून निघाली. तिला वाटत होतं, रस्त्यातच पाय मुरगळावा आणि सगळ्यांनी घरी परतावं.

पटांगण माणसांनी फुललं होतं. बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला, कडेने पानठेले. ढोलकी कडाडली. नाच्या गुलाब ठुमकत रिंगणात आला, नऊवारी, गजरा, आणि गालावर सकाळची दाढी. मागून फेटा बांधलेला हेमराज आला. मध्ये सोंगाड्या बागडत होताच. पहिल्या रांगेत भय्याजी नवा दुपट्टा घालून बसले होते. दसऱ्यापासून पोरं त्यांना टीव्हीवाले बाबा म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडत होतं.

“ऐका हो ऐका, सालाची खबर!” हेमराजने डफावर थाप मारली. “एक हिरो झाला साठीचा, अना हिरोईन त्याच्या नातीच्या वर्गातली. सिनेमा पडला. हिरो म्हनते, लोकाईले कला समजत नाई. माहा निकाल आयका. कला समजते बापा, वयही समजते. पुढच्या साली त्यानं सासऱ्याचं काम करावं!”

पटांगण शिट्ट्यांनी दणाणलं. मग एका लग्नाचा निकाल लागला. त्यात नवरीपेक्षा फोटोवालेच जास्त होते आणि पाहुण्यांचे फोन दारातच काढून घेतले होते. हेमराज म्हणाला, ज्या लग्नात फोन चालत नाही आणि पंगतीत आग्रह होत नाही, तिथे आहेर करू नये. एका जोडप्याने काडीमोड घेतला आणि दोघांनी मिळून जगाचे आभार मानले. हेमराज म्हणाला, इतकं एकमत होतं तर मोडलं कायले? एका मालिकेतली सासू यंदा तिसऱ्यांदा मेली. तिची तेरवी आता तरी करून टाका, असं तो म्हणाला तेव्हा बायांची हसून हसून लुगडी सुटायची वेळ आली. पवनीची नणंद तर डोळे पुसत होती. रुखमिणीला मात्र एकही विनोद कळला नाही. प्रत्येक निकालानंतर तिला वाटे, आता.

आणि तेवढ्यात हेमराज म्हणाला, “आता घरची खबर.”

पुष्कळशा माना बायांच्या बाजूला वळल्या. गुंजनने मान खाली घातली नाही, पण आईचा हात घट्ट धरला.

रिंगणात गुलाब उकिडवा बसला आणि हवेतल्या चुलीला फुंकर मारू लागला. सोंगाड्याने दोन्ही हातांचा कॅमेरा केला.

“बाई, गरिबी दाखवा!”

“दाखवते ना भाऊ, पन गॅस हाय घरी.”

“झाका!”

“फ्रिज हाय.”

“झाका!”

“अंगनात टॅक्टर हाय.”

“बापरे! त्याच्यावर तनसाच्या पेंढ्या टाका!” मग सोंगाड्या दचकून मागे सरला. “अना हे मोठं पोट कोनाचं उभं हाय?”

“हे माह्ये मालक होत.”

“हे नाई चालत! हे पाहून गरीब मानसाची भूक मरते. यायले झाका पह्यले!”

लोक लोटपोट झाले. रुखमिणीला धरणी दुभंगावी असं झालं. पण बाजूला पाहते तो काय, गुंजन हसत होती. ओठ दाबून, खांदे हलवत, घरी आल्यापासून पहिल्यांदा. रुखमिणीने इतक्या दिवसांत तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि हसतानाही नाही. आता ती हसली आणि आईच्याच डोळ्यांत पाणी आलं.

सोंगाड्या ओरडला, “पोट नसलेला बाप आना!” आणि त्याने पहिल्या रांगेतून भय्याजींना हाताला धरून उभं केलं.

हेमराजने विचारलं, “काहो भय्याजी, पोरगी तुमची का?”

भय्याजींचं नवं कोरं मोठेपण त्या एका प्रश्नात उतरलं. दुपट्टा चाचपत ते म्हणाले, “नाई गा. मी तं बैल पाजाले नेऊन राह्यलो होतो. मले कोनी विचारलंच नाई.”

“मंग पोरगी कोनाची?”

हेमराजने हात वर केला आणि ढोलकी थांबली. खडी गंमतीत शाहिराने भर सभेत सवाल टाकला की सभेतून जबाब यावा लागतो. जबाब येईपर्यंत ढोलकीवर थाप पडत नाही, ही आंबागडची रीत. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतही ती कोणी मोडलेली नाही. सवाल तिथेच उभा राहिला. रुखमिणीला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आईने दिलेल्या जबाबाने हे भागणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि गावालाही. गुंजनचं हसू मावळलं. ती उठायला लागली, तेव्हा आत्याने तिला खाली बसवलं.

“माझी!”

आवाज पानठेल्यामागून आला. माडीवर डोकं धरून झोपलेला घनश्याम पानाने गाल फुगवून तिथे उभा होता. कधी आला, किती वेळ लपून ऐकत होता, देव जाणे. गर्दीतून वाट काढत तो रिंगणात आला, धापा टाकत, कान लाल करून.

“माझी पोरगी हाय! मी बाप हाव तिचा! मी तिले सायकलवर बसवून तुमसरले गान्याच्या क्लासले नेत होतो. पोट हाय तं हाय! कोनाच्या बापाचं खाल्लं नाई!”

टाळ्या पडणार होत्या, पण हेमराजने डफ खाली ठेवला आणि हाताने सगळ्यांना थांबवलं. त्याच्या आवाजातली शाहिरी गेली होती.

“मंग दसऱ्यापासून कोठी होते, घनश्यामभाऊ?”

घनश्यामने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

“पोरीनं तं तेथीच सांगतलं होतं, हे माह्ये बाबा नाईत म्हून. टीव्हीवाल्याईनं तिचं बोलनं कापलं. तुमचं कोनं कापलं?”

घनश्यामचा राग तोंडावरून असा उतरला की रुखमिणीला त्याची दया आली. तो हेमराजशी भांडला नाही. वळला आणि सरळ बायांच्या घोळक्याकडे आला. बायांनी पाय आखडून वाट दिली.

गुंजन उभी राहिली. दोघं समोरासमोर. घनश्यामला काही धड बोलता येईना, तोंडात पान होतं.

“टीव्हीनं दाखवलं ते म्या खरं मानलं,” तो म्हणाला. “तू सांगतलं ते नाई मानलं. लय चुकलं माझं.”

गुंजनने पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक पुढे केलं. “बाबा, आधी तोंड पुसा. पान गळून राह्यलं शर्टावर.”

रुखमिणीचा जीव भांड्यात पडला आणि तिने नणंदेचा दंड घट्ट धरला. नणंद घाबरून म्हणाली, काय झालं वं? ती म्हणाली, काही नाही, सुटली बाई मी. आणि तिथेच, साऱ्या गावादेखत, तोंडाला पदर लावून ती मनसोक्त रडली. ढोलकीवाल्याने वाट न पाहता दणका दिला. शिट्ट्या झाल्या. भय्याजींनी दुपट्टा काढून घनश्यामच्या गळ्यात घातला, आणि घनश्यामने तो घेतला.

पण हेमराज तो हेमराजच. खबर अर्धी सोडली तर त्याला अन्न गोड लागायचं नाही. गलका जरा बसताच त्याने पुन्हा डफ उचलला.

“जबाब आला, लेकीले बाप भेटला! पन निकाल राह्यला ना बापा. पोरीचं टीव्हीवरचं शेवटचं गानं मात्र बेसूर होतं. होतं म्हंजे होतं!”

घनश्याम गर्रकन वळला. “कोन म्हनते बेसूर? तुले काय समजते? फोनच्या काचा बसवाच्या सोडून...”

“बाबा,” गुंजनने त्याची बाही ओढली. ती आता मोकळी हसत होती. “होतं बाबा. बेसूरच होतं.”

“होतं?”

“लय बेसूर होतं.”

घनश्यामने तिच्याकडे पाहिलं, मग हेमराजकडे, मग सगळ्या पटांगणाकडे. त्याने पोट पुढे काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“असन. पन माह्या पोरीचं होतं.”